दहा अग्रहायण

राणाघाट, १ वैशाख १३९६, शनिवार

आज घरात आलेल्या वस्तू : नवे मोठे पंचांग, अठरा रुपये (मागल्या साली पंधरा होते, पाने तेवढीच). यांना धोतर, चौतीस रुपये. छेन्याची मिठाई, संदेश, पाव किलो, दहा रुपये. ही वही, दोन रुपये चाळीस पैसे. किराणावाल्याकडे नव्या खातेवहीची पूजा होती, तिथून मिठाईचा पुडा आणि लक्ष्मीचे कॅलेंडर, फुकट.

पंचांग आधी देवापुढे ठेवले, शेंदराचे बोट लावले आणि मगच उघडले. दुपारपासून गल्लीतल्या बायकांची ये-जा सुरू झाली. कुणाच्या नातवाचे उष्टावण, कुणाची वास्तुशांत. मी मॅट्रिक, त्यातून बाबा पंचांग बघत, त्यामुळे हे काम माझ्याकडे आले आहे. प्रतिपदेला भोपळा नाही, नवमीला दुधी नाही, त्रयोदशीला वांगे नाही, हे मला न बघताही सांगता येते. शेजारच्या नव्या सुनेला महिना आणि तिथी यांतला फरक कळेना. तिला सांगितले, आपला महिना सूर्याचा. सूर्य रास बदलतो त्या संक्रांतीला महिना संपतो, दुसऱ्या दिवशी नव्या महिन्याची एक तारीख. तिथी मात्र चंद्राची, ती आपली वेगळी चालते. "म्हणजे एका घरात दोन घड्याळं!" ती म्हणाली. हुशार आहे.

संध्याकाळी हाजरा मास्तर आले. शाळेत गणित शिकवीत, आता निवृत्त. यांचे मित्र आणि माझ्या पंचांगाचे वैरी.

"वहिनी, त्यात बघा बरं, मास्तरला दुसरा संदेश देणं आज शुभ आहे का?"

"तुम्हाला एकच शुभ आहे. डॉक्टरांनी तुमची साखर मोजली तेव्हा मी हजर होते."

मग आपले वर्ष सुरू कुणी केले, यावरून जुंपली. मास्तर म्हणाले, "हिजरी सन चंद्राचा, दर वर्षी अकरा दिवस मागं सरकतो. भात काही चंद्राकडं बघून पिकत नाही. पीक शेतात उभं, आणि सरकार म्हणतंय सारा भर. म्हणून बादशहाच्या माणसांनी हिजरीचा आकडा तसाच उचलला आणि पुढं वर्ष सूर्यावर चालवलं." हे म्हणाले, "छे! त्याच्या कितीतरी आधीचं आहे, शशांक राजाच्या वेळचं." दोघांचा चहा गार झाला.

"खरं कुणालाच ठाऊक नाही," शेवटी मास्तर म्हणाले, "पण माणसांनी केलं एवढं नक्की. आणि माणसांनी केलेलं माणसं बदलतात, वहिनी."

मला ते आवडले नाही. वर्षाच्या पहिल्या दिवशी असे बोलू नये.

२२ भाद्र, शुक्रवार

दिदीचे पत्र आले.

सव्वीस वर्षांत दिदीचे पत्र नाही. मागल्या साली भावजी गेले तेही गावच्या माणसाकडून कळले. मी सांत्वनाचे पत्र घातले होते, त्याला उत्तर नव्हते. आज हे. कुमारखालीचा शिक्का, सरहद्दीपलीकडची तिकिटे.

चार ओळी आहेत. "टुनीस आशीर्वाद. आमच्या गावची मंडळी गयेला पिंड द्यायला निघणार आहेत, त्यांच्याबरोबर मी येते आहे. गेदे स्टेशनवरून गाडी धरायची आहे. तुझ्या घरी येईन असे म्हणत नाही. स्टेशनवर थांबेन. तू स्वतः न्यायला आलीस तर बघू. तारीख नंतर कळवते. दिदी."

अक्षर किती सुरेख झाले आहे! लहानपणी दिदी लिहायची म्हणजे शाईत पाय बुडवून खेकडा चालल्यासारखे. बाबा हसत. आता एकेक अक्षर मोत्यासारखे. यांना दाखवले. हे कागद उजेडाकडे धरून म्हणाले, "वयानं अक्षर सुधारतं होय?" मी म्हटले, "माणूस सुधारतं, मग अक्षराला काय झालं?"

भांडण कशावरून ते इथे लिहून ठेवते, म्हणजे मनातून जाईल. सन १३७०, ज्येष्ठ महिना. आई माझ्याकडे होती. विधवा बाई, एकादशीला पाणीसुद्धा नाही, हा तिचा जन्माचा नेम. त्या खेपेला एकादशी दोन दिवस आली. आमच्या मताने पहिल्या दिवशी, वैष्णवांच्या मताने दुसऱ्या. आईचे माहेर वैष्णव. कुठली खरी? चुकीचा दिवस धरला तर पाप आईला लागणार. म्हणून मी दोन्ही दिवस धरायचे ठरवले. आई हो म्हणाली. तिला बारीक ताप होता. चौथ्या दिवशी ती गेली.

दिदी श्राद्धाला आली आणि चारचौघांत म्हणाली, "आईला तापानं नाही नेलं. तुझ्या पंचांगानं नेलं." जाताना म्हणाली, "तुझा उंबरा मी पुन्हा चढायची नाही."

यात माझे काय चुकले हे मला आजही समजत नाही. शास्त्र मी लिहिले नाही.

९ कार्तिक, गुरुवार

दिदीचे दुसरे पत्र. "दहा अग्रहायण, सकाळी, गेदे. दुपारच्या गाडीने मंडळी पुढे जातील, तोवर वाट बघेन." इतकेच.

लगेच पंचांग उघडले. दहा अग्रहायण, रविवार, कृष्ण त्रयोदशी. सकाळी सातनंतर यात्रा शुभ. दिदीने बघूनच दिवस काढला असणार, बाबांचीच मुलगी ती. मनाला फार बरे वाटले. इतक्या वर्षांनी आम्ही दोघींनी एकच पान उघडले.

मास्तर आले होते. पत्र वाचून त्यांनी चष्मा काढला. "वहिनी, वार नाही लिहिला यात."

"तारीख लिहिली आहे ना?"

"कुणाची तारीख? तिकडच्या सरकारनं गेल्या वर्षापासून महिने नव्यानं कापलेत. पहिले पाच एकतीस दिवसांचे, बाकीचे तीस-तीसचे. संक्रांत होवो न होवो. त्यांचं दहा अग्रहायण आपल्या आधी येतं. दोन दिवस आधी, मला वाटतं."

"सरकारचं सरकारला. हिंदू घरात पंचांगच बघतात, तिकडेही. त्यांची दुर्गापूजा काय सरकार सांगतं त्या दिवशी होते?"

"पूजा वेगळी, पत्र वेगळं. एक पत्र टाकून विचारा तरी."

पत्राला जायला पंधरा दिवस, यायला पंधरा. वेळ आहे, अगदी बेताचा. पण दिदीला मी विचारू, की तू दिवस नीट मोजलास का? सव्वीस वर्षांनी पहिली गोष्ट पंचांगाचीच काढू? ती म्हणेल, टुनी अजून तशीच आहे. नाही विचारले.

५ अग्रहायण, मंगळवार

नारळाचे लाडू केले, तीस. मागची खोली सारवून घेतली. दिदीला बिनकाठाचे पांढरे पातळ आणले. नव्या तांदळाचे पीठ दळून ठेवले, ती घरी आली की त्याचे गोड पिठे वळीन, मोदकांसारखे. आधी उकडीचे, मग दुधातले.

हे आज हट्टाला पेटले. "शुक्रवारीही जा. नाही आली तर परत ये आणि रविवारी पुन्हा जा. जाऊन-येऊन नऊ रुपयांचा प्रश्न."

"नऊ दुणे अठरा. आणि शुक्रवारी पंचांगात यात्रा वर्ज्य आहे, हे बघा."

"मग मी जातो."

"तिनं मला बोलावलंय. तुम्हाला बघून ती तोंड फिरवेल. श्राद्धाच्या वेळी तुम्ही माझी बाजू घेतली होती."

"मी कुणाचीच बाजू घेतली नव्हती," हे म्हणाले, "मी गप्प बसलो होतो." आणि वर्तमानपत्र उघडले.

८ अग्रहायण, शुक्रवार

एकादशी. घेवडा वर्ज्य. मी पोळी-दूध खाल्ले. रजईला ऊन दाखवले, उशीचा कापूस पिंजून घेतला. दुपारी काम नसताना दोनदा दारात जाऊन उभी राहिले. गेद्याची दुपारची गाडी आज उशिरा आली, फाटकाजवळ बराच वेळ शिटी देत होती.

विशेष काही नाही.

१० अग्रहायण, रविवार

पहिल्या गाडीने गेले. गेद्याला पोचले तेव्हा आठही वाजले नव्हते. ते शेवटचे स्टेशन, पुढे रूळ आहेत पण आपली गाडी जात नाही. तपासणी नाक्यावरून माणसे डोक्यावर बोचकी घेऊन चालत येतात. मी फलाटाच्या तोंडाशी बाकावर बसले, कुणी आले तर आधी मला दिसावे म्हणून. लाडवांचा डबा मांडीवर.

नऊ वाजले. दहा. पांढऱ्या पातळातल्या बायका आल्या, दिदी त्यात नव्हती. सव्वीस वर्षांत माणूस बदलते, म्हणून तिघीचौघींना जवळ जाऊन विचारलेसुद्धा, "कुमारखालीहून का?" एक म्हणाली, "नाही हो, पण तुम्ही म्हणाल तर होते कुमारखालीची. डब्यात काय आहे?" सगळ्या हसल्या. मीही हसले. तेव्हा हसू येत होते.

बारा वाजता चहावालीने हटकले. खिरोदा नाव तिचे, फलाटावरच तिची शेगडी.

"मावशी, सकाळपासून बसलाय. चहा घ्या, नाहीतर निदान बाकाचं भाडं द्या."

मी सांगितले, बहिणीची वाट बघते आहे. पलीकडून यायची आहे, गयेच्या मंडळींबरोबर.

तिचा हात किटलीवर थांबला. "गयेची मंडळी? ती परवा गेली की. शुक्रवारी. एक आजी होती त्यांच्यात, तीही बहिणीचीच वाट बघत होती. इथंच, याच बाकावर."

मी म्हटले, "ती दुसरी कुणी असेल. माझ्या बहिणीनं दहा तारीख दिली आहे. दहा आज आहे."

"अहो, तिकडं दहा शुक्रवारीच झाली! ते दोन दिवस पुढं चालतात. इथल्या हमालांनासुद्धा ठाऊक आहे, तुम्ही शिकलेल्या दिसता!" मग माझ्या तोंडाकडे बघून तिने पदर तोंडाला लावला. "माय गं. तारीख ठरवून भेटायचं होतं होय? मला काय माहीत! मला वाटलं, यायची ती आली नाही. पुष्कळजणांची येत नाहीत."

तिने जे सांगितले ते जसेच्या तसे लिहिते.

दिदीला दिसत नाही. दोन्ही डोळे गेले आहेत, चार वर्षे झाली. बरोबरची माणसे नाक्यावरच्या रांगेत होती, तिला त्यांनी बाकावर आणून बसवले. गाडी आली की ती खिरोदाला म्हणायची, "पोरी, उतरणाऱ्या बायका सांग मला. ठेंगणी आहे का कुणी? उजवा पाय जरा टाकून चालणारी?" खिरोदा सांगायची, आजी, एक जाडी, एक पोरवाली, एक कोळीण. दिदी म्हणायची, "नाही, ती नव्हे. आमच्या टुनीच्या अंगाला कधी मांस धरलं नाही, पैसा वाचवायची ना!" आणि हसायची. सकाळच्या दोन गाड्या अशा गेल्या.

"पत्र तरी नीट घातलं होतं का, आजी?" खिरोदाने विचारले. तर म्हणाली, "माझी नात तापसी लिहिते. कॉलेजात आहे. अक्षर मोत्यासारखं आहे म्हणतात."

मग तिने पाणी मागितले. खिरोदा म्हणाली, "आजी, आज एकादशी ना? तुमच्या बाकीच्या बायका थेंब घेत नाहीयेत."

"मी घेते," दिदी म्हणाली. "आई गेल्यापासून घेते. एकादशीला मुद्दाम घेते, दोन पेले. एक माझा, एक तिचा. माझ्या बहिणीला नको सांगू हो, ती मला पंचांगात घालून परत पाठवील." आणि दोन पेले पाणी प्यायली, सावकाश.

दुपारची गाडी सुटायला झाली तरी ती उठेना. मंडळींनी हात धरून उठवली. गार्ड ओरडला, तिच्यापायी गाडीला उशीर झाला. खिरोदाने विचारले, काही निरोप? दिदी म्हणाली, "सांग तिला की..." मग म्हणाली, "काही नको सांगू. आली असती तर बोलले असते."

तीच गाडी. राणाघाटाला ती गाडी थांबते. आमच्या घरापासून चालत सहा मिनिटे. मी उशीचा कापूस पिंजत होते.

लाडू खिरोदाला दिले. ती घेईना. म्हणाली, "मावशी, हे तिच्यासाठी केलेले." मी म्हटले, "घे गं, तू तिला पाणी दिलंस."

११ अग्रहायण, सोमवार

मास्तर आले. मी म्हटले, बोला, तुमचेच खरे झाले. त्यांनी टोचून बोलावे असे मला वाटत होते. ते एवढेच म्हणाले, "मुलीनं भिंतीवरचं कॅलेंडर बघून लिहिलं असेल, वहिनी. तिनं तिच्या घरातलं बघितलं, तुम्ही तुमच्या." आणि चहा न घेता गेले.

काल रात्रीपासून एकच विचार. महिना दोन्हीकडे वेगळा होता, पण तिथी एकच होती. शुक्रवारी इकडे एकादशी, तिकडेही एकादशी. चंद्र कुणी कापला नव्हता. दिदीने नुसते "एकादशीला ये" म्हटले असते तर मी आदल्या दिवशीच जाऊन बसले असते. पण एकादशी हा शब्द आम्हा दोघींपैकी कुणी लिहिला असता का?

१९ अग्रहायण, मंगळवार

गल्लीतली बाई मुलाच्या मुंजीचा दिवस विचारायला आली. पंचांग काढून दिले आणि म्हटले, तूच बघ. तिला वाटले मी रागावले आहे.

संध्याकाळी यांना विचारले, "तुम्ही त्या दिवशी घरात होता. आई खरंच हो म्हणाली होती?"

हे म्हणाले, "तुला आठवतं ते मलाही आठवतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तेच मी सव्वीस वर्षं स्वतःला विचारतोय," हे म्हणाले. पहिल्यांदाच म्हणाले.

२७ अग्रहायण, बुधवार

गयेची मंडळी परतताना दुसऱ्या नाक्यावरून, बेनापोलकडून गेली, असे कळले. म्हणजे दिदी आता घरी पोचली असेल. आज पत्र टाकले. त्याची नक्कल इथे उतरवून ठेवते.

"सौ. तापसी हिस आशीर्वाद. सौ. लिहिले, पण तुझे लग्न झाले की नाही हेही मला ठाऊक नाही, चूक असेल तर खोडून वाच. मी तुझ्या आजीची धाकटी बहीण नीहारकणा, टुनी. हे पत्र तुझ्या आजीसाठी आहे, पण वाचायचे तुला आहे, म्हणून आधी तुझ्याशी बोलते. तू तारीख बरोबर लिहिली होतीस. तुझ्यावर कुणी रागावले असेल तर त्यांना हे दाखव. आमच्याकडे ती तारीख दोन दिवसांनी आली, आणि मला आधी सांगूनही मी ऐकले नाही. मी रविवारी आले. खिरोदा चहावालीने मला सगळे सांगितले. आजीने नको म्हटलेलेही सांगितले.

आता आजीजवळ बस आणि पुढचे सावकाश वाच. एकही ओळ गाळू नकोस.

दिदी, आई हो म्हणाली नव्हती. मी विचारले तेव्हा ती गप्प राहिली, आणि ते हो मी धरले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पाणी मागितले. एकदा नाही, तीनदा. मी म्हटले, आई, आता रात्रच काय ती उरली, सकाळी पारणे. ओला पंचा तिच्या ओठांवरून फिरवला, तर ती पंचा चोखायला लागली. मी तो काढून घेतला, पाप लागू नये म्हणून. मग तिने भिंतीकडे तोंड केले. हे घरात होते, तेही बघत होते. श्राद्धाच्या दिवशी तू जे बोललीस ते तुला ठाऊक नसताना बोललीस. मला ठाऊक होते.

मी पासपोर्टचा अर्ज केला आहे. तीन-चार महिने लागतील म्हणतात. मिळाला की मीच येईन. दिवस तू सांग, वार घालून, आणि तुमच्याकडचा जो असेल तोच. मुहूर्त बघणार नाही. उंबऱ्याच्या आत नाही घेतलेस तर बाहेर बसेन.

तापसी, हे वाचून झाल्यावर आजी काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिही. रागाचे असेल तर रागाचे लिही. काहीच बोलली नाही, तर तेवढेच लिही, पण गप्प राहिली म्हणजे हो म्हणाली असे तू धरू नकोस, तिला पुन्हा विचार. आणि बाळा, जे असेल ते उलट टपाली कळव."